मूळ शाळेचा रकाना

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय पातळी, अशी ही वाट १४, १७ आणि १९ वर्षांखालील तीन वयोगटांतून जाते. नेमक्या याच दिवसांत गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर येतो आणि भामरागडचा रस्ता बंद पडतो. एटापल्ली, सिरोंचा, कोरचीकडच्या कितीतरी गावांची तीच गत असते. सिरोंच्यापासून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढे अंतर आणि एवढा पाऊस ओलांडून आश्रमशाळेतला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याच्या मैदानावर चमकली, तर ती कुणाच्या ना कुणाच्या नजरेत भरतेच. पुढच्या वर्षी तिचा दाखला निघतो. कधी शहरातली निवासी शाळा तिला नेते, कधी अकादमी, कधी सरकारी क्रीडा वसतिगृह. तिथे ती राज्यस्तरावर पदक मिळवते आणि प्रमाणपत्रावर त्या नव्या शाळेचे नाव लागते. जिथे तिने पहिल्यांदा अनवाणी शर्यत जिंकली त्या शाळेचा उल्लेख कुठल्याच कागदावर राहत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांपुरता या प्रश्नाचा आढावा घ्यायचा, तर आधी एक सोपा समज बाजूला ठेवावा लागतो. खासगी शाळा सरकारी शाळेचे खेळाडू पळवतात, असा तो समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खेळाडू सरकारी शाळेतून बाहेर पडतो तो बहुतेक वेळा सरकारनेच आखलेल्या वाटेने, आणि त्या वाटेवर मूळ शाळेला काहीही परत मिळण्याची सोय नाही. खरा अन्याय इथे आहे.

या भागात खासगी आणि सरकारी यांच्यामधली रेषाही पुण्या-मुंबईइतकी सरळ नाही. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या घरात आहेत, आणि स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या पण सरकारी अनुदानावर उभ्या असलेल्या आश्रमशाळा त्याहून थोड्या जास्तच. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ पासून भामरागड तालुक्यात माडिया मुलांना शिकवते आहे. ती चालवणारी महारोगी सेवा समिती ही बाबा आमटे यांनी वरोऱ्यात १९४९ मध्ये उभी केलेली संस्था. कागदोपत्री ही शाळा एका खासगी संस्थेची आहे, पण ती मुलाला जंगलातून उचलून नेत नाही, जंगलात येऊन बसलेली आहे. विदर्भातली व्यायामाची परंपराही सरकारने निर्माण केलेली नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि त्याचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. तेव्हा संस्था खासगी आहे म्हणून ती दोषी, असा निवाडा या लेखात नाही. संस्था मुलाकडून काय घेते, ज्या गावातून घेते तिथे काय ठेवते, आणि मुलगा अपयशी ठरला तर त्याचे काय करते, या कसोटीवर सरकारी आणि खासगी दोघांनाही तपासायला हवे.

आधी मागे राहणाऱ्यांचा हिशेब करू, कारण चर्चेत तो सहसा येत नाही. कबड्डीत मैदानावर सात खेळाडू लागतात आणि संघ बाराचा असतो. खोखोत नऊ जण खेळतात. राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजारांवर आहे, आणि डोंगराळ, आदिवासी तालुक्यांत अशा शाळा दाटीने आहेत. मोठ्या आश्रमशाळेतही एका वयोगटातल्या, खेळायला तयार असलेल्या मुली मोजायला घेतल्या तर बाराचा आकडा कसाबसा भरतो. त्यातून चढाई करणारी एक आणि कोपरा रक्षण करणारी एक गेली, की संघ कमकुवत होतो एवढेच नाही, बऱ्याचदा संघच उरत नाही. धावण्यात एक जण गेला तर एक शर्यत जाते. सांघिक खेळात दोघी गेल्या तर दहा जणींचा तालुक्याचा सामना जातो. त्या दहा जणी राज्यस्तरावर पोहोचल्या नसत्या, हे खरे. पण त्यांतल्या कुणाला तरी विभागापर्यंत खेळल्याचे प्रमाणपत्र मिळाले असते, दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे सवलतीचे गुण मिळाले असते. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्या वाटेवर एखादी तरी चालू लागली असती. या प्रमाणपत्रांची किंमत किती आहे हे सरकारी नोकरीसाठी काढलेल्या ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणाने महाराष्ट्राला दाखवून दिलेच आहे. जंगलातल्या मुलीला खरे प्रमाणपत्र मिळवण्याची जी थोडीफार संधी असते, ती संघ मोडला की संपते.

मग चांगला खेळाडू थांबावा तरी कशासाठी? इथे सरकारी शाळेची बाजू फार पडकी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याचे, निकष बदलले, तेव्हापासून शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या स्वतंत्र पदाचा आधार ढासळला, अशी क्रीडाशिक्षकांच्या संघटनांची तक्रार आहे. त्यांची आंदोलने त्याच मुद्द्यावर झाली. आश्रमशाळांत मध्यंतरी कला, क्रीडा आणि संगणक या विषयांसाठी कंत्राटी शिक्षक नेमले गेले, पण ती नेमणूक टिकली नाही आणि त्या शिक्षकांनाही रस्त्यावर यावे लागले. आज बहुतेक ठिकाणी गणिताचे किंवा भाषेचे गुरुजी, नाहीतर वसतिगृहाचे अधीक्षक, संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानात उभे राहतात. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. प्रकल्पस्तरीय, विभागीय आणि राज्यस्तरीय आश्रमशाळा क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात त्या अशाच माणसांच्या जोरावर. पण लांब उडीच्या धावमार्गातली पावले मोजून देणे, गोळा सुटतानाचा कोन दुरुस्त करणे, पंधरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यावर किती भार टाकायचा हे ठरवणे, ही शिकलेल्या प्रशिक्षकाची कामे आहेत. ती करणारा माणूस तालुक्यात नसेल, तर मुलाने तालुक्यात राहावे असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहत नाही.

आता सरकारने स्वतः आखलेल्या वाटा पाहू. अनुसूचित जमातीच्या मुलांना शहरातल्या नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत शिकवण्याची योजना गेल्या दशकात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. शाळेच्या दर्जानुसार एका विद्यार्थ्यामागे वर्षाला ५० ते ७० हजार रुपये सरकार त्या खासगी शाळेला देते. ही खेळाडूंसाठीची योजना नाही. मूल पहिल्या इयत्तेत जाते तेव्हा ते धावेल की नाही हेही कुणाला ठाऊक नसते. पण तिचा परिणाम मैदानावर होतोच. ज्या घरांत शिक्षणाची ओढ जास्त, जिथले आईबाप कागदपत्रे गोळा करून आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या खेपा घालू शकतात, त्यांची मुले सहाव्या-सातव्या वर्षीच गावाबाहेर पडतात. पट घटतो. पट घटला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की शाळा आणखी दुबळी होते, आणि दुबळ्या शाळेतून राहिलेलेही बाहेर पाहू लागतात. खासगी शाळेने यात एकाही मुलाला फूस लावलेली नसते. ओढ निर्माण होते ती सरकारी तिजोरीतून गेलेल्या पैशाने. हाच पैसा आश्रमशाळेच्या मैदानावर आणि प्रशिक्षकावर खर्च झाला असता तर, हा प्रश्न विचारणे म्हणजे इंग्रजी शिक्षणाला विरोध करणे नव्हे. सार्वजनिक पैसा जिथे जातो तिथे सार्वजनिक अटही जायला हवी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरी वाट वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी फुटते आणि या दोन जिल्ह्यांत ती सगळ्यांत रुंद आहे. ती म्हणजे पोलीस भरतीची अकादमी. इथल्या मुलांना खेळातून जे हवे असते ते बहुतेकदा पदक नसते, वर्दी असते, आणि त्यात गैर काही नाही. धानाच्या एका पिकावर, मोहफुलांवर आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर चालणाऱ्या घरात एक पक्का पगार आला तर सगळ्या घराचे दिवस पालटतात. पण भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची आहे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. अकादमी साहजिकच तेवढेच शिकवते. ज्या मुलात पाच हजार किंवा दहा हजार मीटरचा धावपटू आहे, तो १६०० मीटरचे पूर्ण गुण मिळाले की थांबतो. जी मुलगी भाला फेकू शकते ती गोळ्यापाशी अडकते. कनिष्ठ महाविद्यालयात त्यांचे नाव असते, पाय मात्र अकादमीच्या मैदानावर. त्यामुळे १९ वर्षांखालच्या गटात या तालुक्यांतल्या सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांचे संघ क्षीण होतात. गावोगावच्या कबड्डी मंडळांचाही एक ओढा आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर खुले सामने रंगतात, रोख बक्षिसे असतात, आणि चांगला चढाईपटू शाळेपेक्षा मंडळाचा होतो. तरी मंडळांना मी फारसा दोष देणार नाही, कारण मुलगा गावातच राहतो आणि लहान मुले त्याला पाहून खेळायला शिकतात. गडचिरोली पोलीस दलाच्या वीर बाबुराव शेडमाके कबड्डी आणि बिरसा मुंडा व्हॉलीबॉल स्पर्धांनीही दुर्गम गावांतल्या संघांना खेळायला निमित्त दिले आहे. अडचण एवढीच, की ही सगळी स्पर्धाव्यवस्था शालेय स्पर्धांपासून वेगळी चालते आणि एकीचा उपयोग दुसरीला होत नाही.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की गुणवान मुले एका ठिकाणी आणल्याशिवाय मोठा खेळाडू घडतच नाही. पुरावाही त्याच बाजूने दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, नाशिकला नेमबाजी शिकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीसाठी साताऱ्याच्या एका खासगी अकादमीत गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत त्याच अकादमीची अदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती ठरली. गावात राहून हे घडले नसते. मी हा आक्षेप मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पूर्ण मानत नाही. मुले एकत्र आणणे आणि मुले दूर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत ज्या प्रशिक्षकाकडे घडली ते विजेंद्र सिंग नाशिकला होते, म्हणजे तिच्याच जिल्ह्यात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी ही धावपटू आदिवासी पाड्यातून आली, आणि तिच्यामागून नाशिकमधून धावपटूंची रांग उभी राहिली. ओडिशातल्या सुंदरगडचे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यांना थेट लागू पडते. तोही आदिवासी आणि जंगलाचा जिल्हा. तिथल्या पानपोषला सरकारने १९८५ मध्ये हॉकीचे क्रीडा वसतिगृह काढले. दिलीप तिर्की तिथून आला आणि भारताचा कर्णधार झाला. त्याच्याच सौनामारा गावचा अमित रोहिदासही त्याच वाटेने पुढे गेला. मुलगा घरापासून एका दिवसाच्या वाटेवर होता, भाषा ओळखीची होती, गावचे लोक सामना पाहायला येऊ शकत होते. गुणवत्ता एकवटली ती तिच्या स्वतःच्या मुलखात.

खासगी शाळांनी खेळाडू गोळा केल्याचा देशातला सगळ्यांत लांब अनुभव केरळचा आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कोथमंगलम या गावातल्या सेंट जॉर्ज आणि मार बेसिल या दोन अनुदानित शाळांनी राज्य शालेय मैदानी स्पर्धांवर वर्षानुवर्षे राज्य केले. त्यांची क्रीडा वसतिगृहे होती, प्रशिक्षक होते, आणि मुले डोंगराळ जिल्ह्यांतूनच नव्हे तर मणिपूरहूनही आणलेली होती. भारताला त्यातून खरोखरच चांगले धावपटू मिळाले. पण खर्चाचा ताण आणि प्रशिक्षकाची निवृत्ती आली की असा डोलारा किती लवकर कोसळतो, हेही सेंट जॉर्जच्या उताराने दाखवले. वसतिगृह बंद होते तेव्हा मुलांच्या मूळ शाळांत परतण्याजोगे काही उरलेले नसते, कारण तिथले खेळाडू आधीच निघून गेलेले असतात. २०२४ च्या कोचीतल्या राज्य स्पर्धेत आणखी एक वाद पेटला. सरकारी जी. व्ही. राजा क्रीडा शाळेला सर्वसाधारण शाळांच्या बरोबरीने धरून सर्वोत्तम शाळांच्या यादीत दुसरे स्थान दिल्यावर तिरुनावायाची नवमुकुंदा शाळा आणि मार बेसिल यांनी मैदानातच निषेध केला. निवडून आणलेल्या मुलांची क्रीडा शाळा आणि परिसरातल्या मुलांची शाळा यांना एका तराजूत तोलायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. फक्त तो विचारणाऱ्यांत मार बेसिल होती, जिने स्वतःही दूरदूरची मुले निवडूनच आणली होती. महाराष्ट्रात हा प्रश्न अजून कुणी नीट विचारलेला नाही, आणि आश्रमशाळांच्या वतीने तो विचारायला हवा.

दूर नेण्याची किंमत फक्त गाव मोजते असे नाही, मूल स्वतःही मोजते. भुवनेश्वरची कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ही खासगी संस्था हजारो आदिवासी मुलांना एकाच आवारात राहायला आणि शिकायला ठेवते. तिच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला १४ वर्षांखालील रग्बीची स्पर्धा जिंकली, हे तिचे यश मोठे आहे. पण मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि जमिनीपासून तोडणारी ही व्यवस्था आहे असा आक्षेप आदिवासी अभ्यासकांनी घेतला, आणि २०२० मध्ये मानववंशशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथल्या नियोजित जागतिक परिषदेतून अंग काढून घेतले. माडिया बोलणारा दहा वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या वसतिगृहात गेला आणि दोन वर्षांनी गुडघा दुखावून परत आला, तर त्याला कोणत्या वर्गात बसवायचे? मराठी आश्रमशाळेत तो मागे पडलेला असतो, खेळ सुटलेला असतो, आणि परतण्याची लाज त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते. अकादम्या आपल्या पदकविजेत्यांचे फलक लावतात. परतलेल्यांचे फलक कुणी लावत नाही.

दूर नेण्याआधीची आणखी एक बाब वैद्यकीय आहे आणि ती या दोन जिल्ह्यांत टाळण्यासारखी मुळीच नाही. गोंड, माडिया, परधान अशा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्याच्यात आजार नाही, फक्त सिकलसेलचा गुणधर्म आहे, असा मुलगा रोजच्या आयुष्यात पूर्ण निरोगी असतो. पण कडक उन्हात, पाण्याची कमतरता असताना, दमछाक होईपर्यंत धावायला लावले तर त्याच्यासाठी जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो. तपासणी साधी आणि स्वस्त आहे. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीसाठी उंची, वजन, उभी उडी, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव अशी बॅटरी टेस्ट घेतली जाते. या जिल्ह्यांतून मूल उचलणाऱ्या कुठल्याही संस्थेने, मग ती सरकारी असो वा खासगी, त्या चाचणीच्या आधी सिकलसेलची तपासणी करणे आणि तिचा निकाल प्रशिक्षकाच्या हाती देणे सक्तीचे असले पाहिजे. माहिती असलेला प्रशिक्षक पाणी, विसावा आणि सरावाचा वेग सांभाळून अशा मुलाला उत्तम खेळाडू बनवू शकतो. माहिती नसलेला प्रशिक्षक त्याला आळशी म्हणेल.

सरकारी शाळेत राहूनही मूल किती उंच जाऊ शकते याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या मिशन शौर्य मोहिमेत चंद्रपूर प्रकल्पातल्या बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या आश्रमशाळांची मुले निवडली गेली. त्यांना दार्जिलिंग, लडाखसारख्या ठिकाणी प्रशिक्षण मिळाले, आणि मे २०१८ मध्ये त्यांतल्या पाच जणांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. या मुलांच्या शाळेचे नाव बदलावे लागले नाही. बदलले ते त्यांच्यामागचे बळ: पैसा, तज्ज्ञ, आहार, वेळ. त्या यशाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मोहीम आणि व्यवस्था यांत फरक असतो. मोहीम दहा मुलांना शिखराकडे नेते. व्यवस्था दरवर्षी प्रत्येक तालुक्यात एक प्रशिक्षक बसवते. पुढे बल्लारपूरजवळ विसापूरला सिंथेटिक धावपट्टीचे क्रीडा संकुल झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे १९ वर्षांखालील राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या. देशभरातले शालेय धावपटू चंद्रपूर जिल्ह्यात येऊन धावले, ही छोटी गोष्ट नाही. मात्र एटापल्लीच्या किंवा जिवतीच्या मुलासाठी ते मैदान तेव्हाच खरे ठरेल, जेव्हा त्याच्या शेजारी त्याला राहायला खोली, शिकायला शाळा आणि रोज सकाळी हजर असणारा प्रशिक्षक मिळेल. सुंदरगडने हॉकीसाठी केले ते चंद्रपूर-गडचिरोलीने धावणे, तिरंदाजी आणि कबड्डीसाठी विसापूरला करावे. मैदान तयार आहे. एकलव्य निवासी शाळांत खेळात चमकणाऱ्या आदिवासी मुलांसाठी जागा राखण्याची तरतूदही आहे. या गोष्टी जोडणारे कुणी नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. आईबापांना वाटते मुलीने शहरात जावे, मुलीलाही वाटते. मग तिला अडवणारे तुम्ही कोण? मी अडवत नाही, आणि कायदाही अडवू देत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने मुख्याध्यापकाला बदलीचा दाखला तत्काळ द्यायला बांधले आहे, आणि ते योग्यच आहे. दाखला अडवून खेळाडू टिकवण्याचा प्रयत्न ज्या शाळेत होतो तिथे मुलाचे नुकसान होते आणि शाळेची पतही जाते. अमेरिकेत हाच झगडा अनेक दशके चालू आहे आणि तिथल्या राज्यांनी बंधनांचे नाना प्रकार करून पाहिले. टेक्सासच्या शालेय स्पर्धा संघटनेने बहुतेक खासगी शाळांना आपल्या स्पर्धांबाहेरच ठेवले. इलिनॉयने २००५ मध्ये ठरवले की ज्या शाळांना परिसराची हद्द नाही त्यांचा पट १.६५ ने गुणून त्यांना मोठ्या शाळांच्या गटात खेळवायचे. शाळा बदलणाऱ्या खेळाडूला काही काळ मैदानाबाहेर बसवण्याचे नियमही तिथे सर्रास आहेत. यातला बाहेर बसवण्याचा नियम आपल्याकडे आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आश्रमशाळेच्या मुलीच्या हातात खेळण्याची मोजकी वर्षे असतात. त्यातले एक कापणे म्हणजे मोठ्यांच्या भांडणाची शिक्षा तिला देणे. इलिनॉयची कल्पना मात्र विचार करण्याजोगी आहे. क्रीडा प्रबोधिन्या, निवासी क्रीडा अकादम्यांशी जोडलेल्या शाळा आणि राज्यभरातून मुले निवडणाऱ्या शाळा यांची गणना जिल्हा पातळीवर वेगळ्या गटात करावी, म्हणजे साध्या शाळांच्या संघांना तालुक्याच्या पहिल्या सामन्यातच अशा निवडक संघासमोर उभे राहावे लागणार नाही. सीबीएसईच्या शाळांची स्पर्धांची स्वतंत्र साखळी आधीच आहे. वेगळा गट ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

पण मुख्य मागणी त्याहून साधी आहे. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे विकला गेला की त्या रकमेतला ५ टक्के हिस्सा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटण्याचा नियम २००१ पासून आहे. पैशाने बरबटलेल्या त्या खेळानेही एवढे मान्य केले, की खेळाडू शेवटच्या क्लबने एकट्याने घडवलेला नसतो. आपल्याकडे शालेय खेळाडूची विक्री होत नाही, होऊही नये. पण सरकारी पैसा त्याच्यामागे जातो. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये हातखर्चाला मिळतात, त्याला शिकवणाऱ्या अकादमीला वेगळे पैसे मिळतात. नामांकित शाळेला शुल्क मिळते. अनुदानित संस्थेला वेतन अनुदान मिळते. यातला छोटा, ठरलेला हिस्सा खेळाडू पाचवी ते आठवीत ज्या शाळेत होता त्या शाळेच्या क्रीडा साहित्यासाठी जावा. स्पर्धेच्या प्रवेशिकेत आणि प्रमाणपत्रावर सध्याच्या शाळेसोबत मूळ शाळेचा रकाना असावा. मूल परत आले तर मूळ शाळेने त्याला त्याच वर्षी सामावून घ्यावे आणि नेणाऱ्या संस्थेने त्याच्या वैद्यकीय खर्चाची व भाषेच्या उजळणीची जबाबदारी उचलावी.

यावर खासगी संस्थांचा सूर ऐकू येईल: आम्ही स्वतःच्या पैशाने मुलांना खाऊ घालतो, शिकवतो, त्यात आणखी ओझे टाकाल तर आम्ही आदिवासी मुले घेणेच थांबवू. ज्या संस्था खरोखर एकही सरकारी रुपया घेत नाहीत त्यांच्यावर हिश्श्याची अट लावू नये. त्यांच्याकडून मूळ शाळेचे नाव आणि तपासणीचा कागद एवढेच मागावे. पण अनुदान, शुल्क किंवा शिष्यवृत्ती घेणाऱ्या संस्थेला हा आक्षेप शोभत नाही. शिवाय या अटीने त्यांचाही फायदा आहे. आश्रमशाळेत दोन जोड्या स्पाइक्स, एक चांगला भाला, वाळूचा नीट भरलेला खड्डा आला, तर पुढच्या वर्षी अकादमीकडे येणारे मूल अधिक तयार होऊन येईल. आणखी एक आक्षेप सरकारी कार्यालयांतून येईल, की नोंदी ठेवणे अवघड आहे. विद्यार्थ्याचा आयडी पहिलीपासून संगणकात असतो आणि शाळा बदलली तरी तो बदलत नाही, तेव्हा हा आक्षेप टिकत नाही.

यातल्या पैशांच्या वाटणीला मंत्रालयातून निर्णय लागेल, वेगळ्या गटालाही लागेल. मूळ शाळेच्या नोंदीला तेवढे काही लागत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी आणि चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड या पाचही प्रकल्प कार्यालयांनी येत्या हंगामापासून आपल्या पातळीवर मूळ शाळेची नोंद ठेवायला सुरुवात करावी, आणि पाऊस ओसरल्यानंतर दुर्गम तालुक्यांसाठी तालुकास्तराची दुसरी फेरी घ्यावी, ही विनंती. मुख्याध्यापकांनी, गुरुजींनी आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांनीही आपल्या शाळेतून गेलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाव, वर्ष आणि तो कुठे गेला हे एका वहीत आजपासून लिहून ठेवावे. ही मागणी पुढे रेटायची वेळ येईल तेव्हा त्या नोंदी लागणार आहेत.